वकीलसाहेबांचं दुसरं इंजिन

आमच्या वकीलसाहेबांच्या मनगटावर एक घड्याळ असे आणि कोटाच्या खिशात दुसरं. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची. कोर्टात निघण्यापूर्वी ते दोन्ही शेजारी शेजारी धरत. वेळेत थोडासा फरक दिसला की समाधानाने मान हलवत. एखाद्या दिवशी काटे अगदी बरोबर जुळले, तर कपाळाला आठ्या घालून म्हणत, "संगनमत आहे यांचं," आणि रेडिओवर वेळ सांगेपर्यंत जागचे हलत नसत.

पेनंही दोन, दोन दुकानांतल्या शायांनी भरलेली. चष्मे दोन. नागपूरच्या धंतोलीतल्या घराला कुलपं दोन आणि त्यांच्या किल्ल्या दोन वेगळ्या खिशांत. लग्न मात्र त्यांनी एकदाही केलं नव्हतं. बाररूममध्ये कुणी छेडलं तर म्हणत, "एकीचं ठीक होतं हो. पण माझा नियम ऐकून कोणती बाई राहिली असती?"

मी त्यांच्याकडे मराठी टंकलेखक म्हणून लागलो तेव्हा आणीबाणी उठून वर्षभर झालं होतं आणि मला सगळ्या जगाचा राग आलेला होता. मी अक्षरं शिकलो तीच मुळी पत्रकांवर. वडील गिरणीतली पाळी संपवून सभांची पत्रकं वाटत. उरलेली घरी येत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवायचो आणि कंटाळा आला की कागद उलटून वाचायचो. त्यामुळे माझं मराठी लहानपणापासूनच ओरडून बोलायला शिकलं. साहेबांनी माझा पहिला अर्ज वाचला आणि काळ्या शाईचं पेन काढलं.

"'नराधम' कापा."

"पण तो ठेकेदार नराधमच आहे, साहेब."

"असेल. पण न्यायाधीश नराधमाला मनाई करत नाहीत, ठेकेदाराला करतात. 'रक्तपिपासू' पण कापा. आणि 'अहो' कुठून आलं इथे? अर्ज आहे हा, पत्रकवाले, सभा नाही."

तेव्हापासून मी पत्रकवालेच झालो. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं, पण ते त्यांनी फक्त अनोळखी माणसांसमोर वापरलं.

हा अर्ज होता रामटेकच्या पलीकडच्या मासेमार ढिवरांच्या सोसायटीचा. धरण झालं, गावं पाण्याखाली गेली, आणि ज्यांची गावं गेली त्यांनाच त्या पाण्यात जाळं टाकायला मनाई झाली, कारण मासेमारीचा ठेका दुसऱ्याच कुणाला मिळाला होता. यावर मी आजही चार पानं लिहू शकतो, विशेषणांसकट. साहेब मात्र ती केस फुकट लढत होते आणि तिच्याविषयी कधी आवाज चढवून बोलत नव्हते. दर रविवारी एसटीने ते तिकडे जात, मलाही नेत.

सोसायटीची एकच मोठी बोट होती. लाकडी, जुनी, शेतातल्या पंपाचं डिझेल इंजिन बसवलेली. पलीकडच्या काठावरच्या वस्त्यांना रस्ता उरला नव्हता. बाजाराला जाणारी माणसं, मासळीच्या टोपल्या, आजारी, बाळंतीण, सगळं त्याच बोटीने इकडे यायचं. डोमा नावाचा दणकट माणूस ती चालवायचा.

साहेबांचा दुहेरीपणा मला पहिले काही महिने निव्वळ विक्षिप्तपणा वाटायचा. एकदा मी सहज म्हणालो, "हे टाइपिंग पुढल्या वर्षीच पूर्ण होणार असं दिसतंय." साहेब उठून आतल्या खोलीत गेले. मुन्शीजी, म्हणजे त्यांचे म्हातारे कारकून, माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "तो शब्द या घरात काढत नको जाऊ गा. पुढल्या वर्षी."

"काहून?"

"साहेब पयले असे नव्हते. एकच पेन होता त्याहिच्याजवळ. तोही गळका."

मग त्यांनी सांगितलं ते असं. दोन पावसाळ्यांपूर्वी सोसायटीच्या सभेत कुणीतरी विषय काढला होता की बोटीला एक लहान जादा इंजिन असावं. साहेब सल्लागार म्हणून अध्यक्षस्थानी होते. खर्चाचे दिवस होते. ते म्हणाले, "पुढल्या वर्षी पाहू." त्याच श्रावणात, धरणाचे दरवाजे उघडलेले असताना, भरल्या बोटीचं इंजिन मधोमध बंद पडलं. डिझेलच्या पिंपात पाणी गेलं होतं. बोट दरवाजांच्या दिशेने ओढली जाऊ लागली. एक माणूस दोरी घेऊन पाण्यात उतरला. पाण्याबाहेर डोकावणाऱ्या एका वाळल्या झाडापर्यंत पोचला, दोरी बांधली. बोट थांबली. सगळे वाचले. तो पुन्हा दिसला नाही. त्याच्या बायकोचं नाव गिरजाबाई.

त्यानंतर साहेबांनी दुसरं पेन घेतलं, मग दुसरं घड्याळ. इंजिन मात्र लगेच मिळालं नाही. असलं इंजिन नागपुरात कोण विकणार? इथे विहिरीचे पंप मिळतात. पण साहेबांनी पत्ता काढला. सदर नावाच्या वस्तीत पंपांचं एक दुकान होतं. त्याच्या मालकाने कुठल्याशा सरकारी लिलावात बोटीला मागून अडकवायची तीन लहान इंजिनं उचलून ठेवली होती.

त्या दुकानात जाण्याआधीच्या रविवारी साहेब धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उतरले. बोटीच्या मागच्या फळीला त्यांनी छत्री उभी लावली आणि फळीचा वरचा काठ कुठे येतो, पाणी कुठे येतं, तिथे छत्रीच्या दांड्याला लाल दोरा बांधला. डोमा हसून हसून बसला. "साहेब, नावेले चोळी शिवून राहिले का जी?"

दुकानदाराने मात्र आम्हाला सर्वांत मोठ्या इंजिनासमोर नेलं. "वकीलसाब, ये ले जाओ. दस घोडे! बडे इंजन का भी बाप है."

मला ते फार आवडलं. ठेकेदाराची लाँच पाण्यावरून शिट्ट्या वाजवत जायची. मी म्हणालो, "साहेब, हेच घ्या. एकदा त्याच्या लाँचला मागे टाकून दाखवू."

"आपल्याला शर्यत लावायची नाही, पत्रकवाले. आपल्याला घरी यायचंय." एवढं बोलून त्यांनी छत्री इंजिनाला लावली. लाल दोऱ्याच्या हिशोबाने इंजिनाचा पंखा पाण्याच्या वर राहत होता. "तुमचा बाप हवेत फिरेल, शेठ."

मग त्यांनी दुसऱ्या इंजिनाची उलटतपासणी सुरू केली. हो, इंजिनाचीच. समोर खुर्ची ओढून बसले, चष्मा बदलला. "किती वर्षं पडून होतास? पितोस काय? कशातून पितोस?"

"घासलेट पर चलता है साब, बाहर के डिब्बे से..."

"साक्षीदाराला बोलू द्या."

दुकानदार माझ्याकडे पाहू लागला. मी दुसरीकडे पाहिलं. डबा बाहेरचा, नळी बाहेरची, म्हणजे बोटीत तो ठेवायचा डिझेलच्या पिंपाशेजारीच, हे साहेबांना मान्य होईना. "दोन साक्षीदार एकाच टांग्यातून कोर्टात उतरले, की मी दुसऱ्याला विचारतच नाही," ते म्हणाले. "पहिला ज्याने फुटेल त्यानेच दुसरा फुटेल. पाणी शिरायचं तर दोन्हीकडे शिरेल."

तिसरं इंजिन कोपऱ्यात होतं. सर्वांत लहान. पेट्रोलची एवढीशी टाकी त्याच्या डोक्यावरच बसवलेली.

"वो तो खिलौना है साब."

"इससे नाव हिलेगी?"

"हिलेगी. मगर बैल की चाल से."

"चालेल." छत्री लावली. पंखा पाण्याखाली येत होता. मला वाटलं, झालं. पण साहेब उठले आणि म्हणाले, "शेठ, ड्रम भरके रखो. बुधवार को चलानेवाले को लेकर आता हूँ."

बुधवारी त्यांनी गिरजाबाईंना आणलं. मला वाटलं होतं डोमा येईल. साहेब म्हणाले, "डोमा पहिलं इंजिन चालवतो. तो आजारी पडला, किंवा घाबरला, तर दुसरंही बंद? ते दुसऱ्याच माणसाच्या हातात हवं. आणि तिच्या हाताला ओढता येईल असं हवं."

सदरच्या फुटपाथवर पाण्याने भरलेल्या ड्रमला ते इंजिन अडकवलं होतं. गर्दी जमली. गिरजाबाईंनी पदर खोचला. काटक बाई, चाळिशीच्या आतल्या, बोलणं कमी. पहिल्यांदा दोरी ओढली, काही नाही. पुन्हा ओढली, इंजिन नुसतं खोकलं. गर्दीतून कुणी म्हणालं, "छोड दो बाई, घर में चक्की चलाओ." त्यावर त्यांनी असा हिसका दिला की इंजिन फटफटत सुरू झालं आणि ड्रममधलं अर्धं पाणी दुकानदाराच्या पांढऱ्या कपड्यांवर गेलं. बाई दचकून मागे सरल्या, आणि मग तोंडावर पदर घेऊन हसू लागल्या. साहेब म्हणाले, "बांधून द्या."

काठावर मात्र भलतंच निघालं. सोसायटीतली जुनी माणसं कुजबुजू लागली. इंजिन चांगलं आहे, बाईही चांगली आहे, पण नाव सुटताना पुढे विधवा बाई? मी तो आठवडा पेटलेला होतो. रात्रंदिवस डोक्यात मथळे फिरत होते. शेवटी पत्रक टाइप करून साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं.

"चांगलं झालंय. पण ज्यांच्याविषयी आहे, त्यांच्यातल्या किती जणांना वाचता येतं?"

मी टंकयंत्रावर झाकण घातलं.

रविवारी सभा भरली. साहेब उभे राहिले. मला वाटलं, भाषण करतील. ते म्हणाले, "त्या दिवशी बोटीत कोण कोण होतं, त्यांनी हात वर करा." हळूहळू हात वर गेले. डोमाचा, दोन म्हाताऱ्यांचा, एका बाईचा, मग बरेच. "खाली घ्या. आता यांच्यापैकी ज्यांना वाटतं गिरजाबाई बोटीवर नकोत, त्यांनी हात वर करा."

वाऱ्याने पानं हलत होती तेवढीच. सभा संपली. मी आजवर जी भाषणं ऐकली आणि लिहिली, त्यांत याच्या जवळपास येणारं एकही नाही.

नियम ठरला. बाजाराच्या दिवशी परत येताना बोट लहान इंजिनावर यायची, म्हणजे ते गंजणार नाही आणि हातालाही सवय राहील. लोक कंटाळून जात. डोमा हाताची घडी घालून बसे आणि म्हणे, "साहेब, याच्याहून त मी पोहत लवकर जाईन जी."

"जा. मग आम्हाला सांग पलीकडे भाजी काय भाव आहे."

पुढे असं झालं की डोमाने लहान इंजिनाचा प्लग काढून मेव्हण्याच्या मोपेडला लावला. दोनच दिवसांसाठी, त्याच्या म्हणण्याप्रमाणे. साहेब त्याच्यावर चिडले नाहीत. त्यांनी नवा नियम केला. इंजिन गिरजाबाईंच्या घरी, कुलपात. सकाळी त्या ते डोक्यावर घेऊन बोटीपाशी येतील, संध्याकाळी परत नेतील. आणि शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं. दुसरं इंजिन बोटीवर नसेल, तर बोट सुटणार नाही.

त्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. त्यातली चूक कुणालाच दिसली नाही.

भाद्रपदातल्या एका रविवारी आम्ही काठावर पोचलो तेव्हा बोट उभी होती, डोमा होता, माणसं होती. गिरजाबाई नव्हत्या. घराला कुलूप. भावाला मुलगा झाला होता, बारशाला गेल्या होत्या, उमरेडकडे. उद्या येतील.

दुसऱ्या दिवशी कोर्टात आमच्या अर्जाची तारीख होती. पलीकडच्या वस्तीतल्या सभासदांचे अंगठे प्रतिज्ञापत्रावर त्याच दिवशी घ्यायला हवे होते. नाही घेतले तर ठेकेदाराचा वकील आम्हाला उभंही राहू देणार नव्हता.

"चला जी साहेब," डोमा म्हणाला. "हवा नाई, लाट नाई. पाणी ताटासारखं हाये."

"बोट सुटणार नाही, असं ठरलं होतं."

"आता यक डाव..."

"मी बसलो, डोमा, की उद्यापासून सगळे बसतील."

त्यांनी छत्री उघडली आणि चालायला लागले. पाण्याला वळसा घालून रानातून गुराख्यांची एक वाट होती. चिखल, काटे, आणि साहेबांना दमा. मी कागदांची पिशवी घेऊन मागून चाललो होतो आणि माझं डोकं तापलं होतं.

"साहेब, हा हट्ट आहे. त्या लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे. एका खेपेसाठी तुम्ही केस बुडवाल."

ते एका मोहाच्या झाडाखाली थांबले. श्वास परत येऊ दिला. मग म्हणाले, "केस बुडाली तर वर अपील करता येतं."

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

अर्ध्या वाटेवर पाण्यावरून आवाज आला. डोमा बोट घेऊन निघाला होता, एकटाच, मासळीच्या टोपल्या आणायला, आणि थोडंफार आम्हाला दाखवायलाही. इंजिन धडधडत होतं, एकदाही अडखळलं नाही. त्याने हात हलवला. मला वाटलं, साहेब तोंड फिरवतील. त्यांनीही हात हलवला. "चांगलं चाललंय इंजिन," ते म्हणाले, आणि त्यांना खरोखरच बरं वाटलं होतं.

आम्ही दिवस कलताना पोचलो, अंगठे घेतले, रानातून रात्रभर बैलगाडीने धक्के खात मोठ्या रस्त्याला आलो. सोमवारी कोर्टात न्यायाधीश रजेवर होते. पुढची तारीख पडली. मी त्या इमारतीला मनातल्या मनात जी विशेषणं लावली ती साहेबांनी सगळी कापली असती. पण ते पायऱ्यांवर बसले होते आणि त्यांना बोलता येत नव्हतं.

धंतोलीत घरापासून हाकेच्या अंतरावर दवाखाने. इतकी वर्षं तिथे राहून ते कधी कुठला जिना चढले नव्हते. आता त्यांतल्याच एकात खाटेवर उशा लावून बसवलेले, दोन्ही घड्याळं उशाशी. तिसऱ्या दिवशी गिरजाबाई आल्या. हातात गाठोडं, डोळे सुजलेले. दारातच उभ्या राहिल्या.

"माह्याच्यानं झालं साहेब हे."

"आत या आधी."

"मी गेली नसती त तुमी नावेत बसले असते. येवढं चालणं कायले पडलं असतं? यक डाव गेली अन् असं झालं. आता नाई जात मी."

साहेबांनी हाताने स्टूल दाखवलं. त्या जमिनीवरच बसल्या.

"मालक गेल्यापासून किती वेळा गेला होता भावाकडे?"

"नाई गेली."

"एकदाही नाही?"

"नाई."

"काहून?" आमच्याकडचा हा 'का' साहेबांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

गिरजाबाईंना प्रश्नच कळला नसावा. त्या म्हणाल्या, "मंग मोटारीचं कोण पाहीन?"

साहेब उशांवरून सरळ होऊन बसले. नर्स येऊन गेली. मग मला म्हणाले, "ऐकलंत, पत्रकवाले? टाकी वेगळी पाहिली, दांडा मोजला, चालवणारा वेगळा निवडला. आणि या बाईला त्या इंजिनाला बांधून टाकलं. बोटीला दोन इंजिनं दिली मी. हिला एक दिवसाची सुट्टी दिली नाही." आणि तिच्याकडे वळून, "चूक तुमची नाही, गिरजाबाई. नियम चुकला. तुम्ही आणखी कुणाला शिकवा."

"कोण शिकल? साऱ्या हसतेत मले. मोटारवाली म्हणतेत."

"हसतात त्यांनाच विचारा."

शिकायला तयार झाली ती डोमाची बायको, शेवंता. घरी परतल्यावर साहेबांना हे कळलं तेव्हा ते अस्वस्थ झाले. एकच घर! डोमा स्वतः नागपूरला येऊन त्यांना समजावून गेला. "साहेब, तुमी उगीच भेऊन राहिले जी. आमचं त बोलणंच बंद असते. आमी दोघं यक कुठून होणार?" साहेबांनी विचार केला आणि ही अडचण निकालात काढली.

थंडी सरता सरता ते पुन्हा काठावर आले. डॉक्टरांनी बोटीत बसायला मना केलं होतं, म्हणून गिरजाबाईंशेजारी एका दगडावर बसले. कुलपाची किल्ली आता शेवंताच्या कमरेला होती. बोट सुटली. डोमाला साहेबांनी गुपचूप सांगून ठेवलं होतं, की मधोमध गेल्यावर मोठं इंजिन बंद कर, शेवंताला कळू देऊ नकोस. हे गिरजाबाईंना ठाऊक होतं, मलाही.

बोट लहान होत गेली. आणि आवाज थांबला.

मी त्या श्रावणात तिथे नव्हतो. पण त्या काठावर ही शांतता आधी कुणी ऐकली होती हे मला गिरजाबाईंकडे पाहून कळलं. त्या उभ्या राहिल्या. त्यांचा उजवा हात कोपरात वाकला, मागे गेला, पुन्हा वाकला, जणू दोरी त्यांच्याच हातात होती. बोटीवर शेवंता उभी दिसत होती. वाकली. काही नाही. पुन्हा वाकली. बोट आडवी होऊन वाहू लागली होती. साहेबांनी श्वास धरून ठेवला होता, जो त्यांना धरता येत नव्हता.

मग पाण्यावरून बारीक फटफट ऐकू आली. बोटीचं तोंड हळूच वळलं आणि ती पलीकडच्या काठाकडे निघाली, बैलाच्या चालीने.

गिरजाबाई खाली बसल्या. कितीतरी वेळ बोट पाहत राहिल्या. ती पार पोचली, माणसं उतरली, तेव्हा पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "भाच्याले दात येऊन राहिले म्हणे. आठ दिस जाऊन येतो मी, साहेब."

"पंधरा राहा," साहेब म्हणाले.